एक सायकलस्वार आणि एक्कावन्न विहिरी

एकट्याने केलेल्या प्रवासाचे माणसाला फार पूर्वीपासून आकर्षण आहे. तांड्याबरोबर वाळवंट ओलांडणारे पुष्कळ होऊन गेले. त्यांची नावे कुणी विचारत नाही. पण एकटा गेलेला माणूस परत आला, की त्याच्याभोवती मंडळी जमतात. तो काय खात होता, कुठे झोपत होता, त्याला भीती वाटली नाही का, असे प्रश्न विचारले जातात. प्रस्तुत लेखातही असाच एक प्रश्न विचारायचा आहे, पण तो थोडा वेगळा आहे : एकट्याने वाळवंट ओलांडणारा माणूस खरोखर कितपत एकटा असतो?

२००५ साली याकुब पोस्त्शिगाच या पोलिश सायकलस्वाराने पश्चिम ऑस्ट्रेलियातील ‘कॅनिंग स्टॉक रूट’ ही वाळवंटी वाट एकट्याने पार केली. ही वाट सुमारे १,८५० किलोमीटर लांब आहे. मुंबई ते दिल्ली हा रेल्वेमार्ग सुमारे १,४०० किलोमीटरांचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या लांबीची कल्पना येईल. बरोबर मोटार नाही, मदतनीस नाही; अन्न आणि सामान सायकलमागे जोडलेल्या एका छोट्या एकचाकी गाडीवर. या प्रवासाला त्याला ३३ दिवस लागले. कुणाच्याही मदतीशिवाय ही संपूर्ण वाट सायकलने पार करणारा तो पहिला मानला जातो.

या पराक्रमाचे मर्म समजून घ्यायचे, तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात : ती वाट, ते चाक आणि ते पाणी.

वाट कशी झाली?

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस किंबर्ली नावाचा गुरे पाळणाऱ्यांचा प्रदेश आहे. दक्षिणेस, १८९० नंतरच्या दशकात सोने सापडल्यामुळे कूलगार्डी, कॅलगुर्ली अशी खाणींची गावे उभी राहिली. खाणीतल्या माणसांना मांस हवे होते आणि किंबर्लीत गुरे भरपूर होती. परंतु पूर्व किंबर्लीतील गुरांना गोचिडांची बाधा झाली होती व त्या गोचिडांमुळे गुरांना घातक ताप येत असे. साहजिकच ती गुरे जहाजाने दक्षिणेस आणण्यास बंदी आली. तेव्हा कुणीतरी अशी कल्पना काढली, की हीच गुरे वाळवंटातून चालवत आणली तर कोरड्या, उष्ण हवेत गोचीड वाटेतच मरून जातील आणि गुरे मात्र निरोगी पोहोचतील! कल्पना ऐकायला सोपी होती. प्रश्न एवढाच होता, की वाटेतल्या लिट्ल सँडी, गिब्सन आणि ग्रेट सँडी या तीन वाळवंटांत गुरांना पाणी कोण पाजणार?

याआधी, १८९६-९७ मध्ये डेव्हिड कार्नेगी या प्रवाशाने या प्रदेशातून मजल मारली होती आणि येथून गुरांची वाट काढणे व्यवहार्य नाही, असा निर्वाळा दिला होता. त्याच सुमारास निघालेल्या कॅल्व्हर्ट मोहिमेतील दोघांचा या वाळवंटातच अंत झाला होता. तरीही सरकारने १९०६ साली आल्फ्रेड कॅनिंग या भूमापकाला पाहणीसाठी पाठवले. विलुना या दक्षिणेकडील गावापासून हॉल्स क्रीक या उत्तरेकडील गावापर्यंत त्याने मार्ग आखला. १९०८ ते १९१० या काळात तो पुन्हा गेला, तो विहिरी बांधण्यासाठी. या दुसऱ्या मोहिमेत सुमारे तीस माणसे आणि सत्तर उंट होते. दूध आणि मांस यांसाठी अडीचशेहून अधिक शेळ्याही बरोबर हाकत नेल्या होत्या. आठशे गुरांचा कळप दिवसभर चालला की संध्याकाळी त्याला पाणी मिळावे, अशा बेताने एक्कावन्न पाणवठे तयार झाले.

ऑस्ट्रेलियात उंट कोठून आले, असा प्रश्न येथे सहज मनात येईल. उंट हा तिथला प्राणी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते ब्रिटिश हिंदुस्थानातून, मुख्यतः कराची बंदरातून, जहाजाने नेले गेले. आणि कराची त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. उंटांबरोबर बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तान येथील उंटवालेही गेले. ऑस्ट्रेलियात या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. ऑस्ट्रेलियाचा अंतर्भाग गोऱ्या प्रवाशांनी शोधला असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण त्यांचे ओझे कुणाच्या उंटांवर होते, हेही ध्यानात ठेवायला हवे.

एवढा खटाटोप करून वाट तयार झाली, पण ती फारशी वापरलीच गेली नाही. १९११ साली गेलेल्या पहिल्या कळपाबरोबरचे तीन गुराखी सदतिसाव्या विहिरीजवळ मारले गेले. त्याचा सूड म्हणून निघालेल्या पोलिसांच्या तुकडीने कित्येक स्थानिकांचे प्राण घेतले. पुढच्या वीस वर्षांत जेमतेम आठ कळप या वाटेने गेले. १९२९ मध्ये विहिरींच्या दुरुस्तीचे काम हाती घेतले गेले आणि अखेर सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या कॅनिंगनेच ते १९३१ पर्यंत पुरे केले. शेवटचा कळप १९५९ साली गेला. त्यानंतर वाट ओस पडली. १९६८ मध्ये काही भूमापकांनी चारही चाकांना गती मिळणाऱ्या मोटारी घेऊन ती प्रथमच पूर्ण ओलांडली आणि पुढे हौशी प्रवाशांची तुरळक ये-जा सुरू झाली. आज ही वाट म्हणजे मोटारींच्या चाकांनी पडलेल्या दोन समांतर चाकोऱ्या आहेत. त्यांच्यामध्ये स्पिनिफेक्स नावाचे सुईसारख्या टोकदार पात्यांचे गवत वाढते आणि आडव्या येतात त्या वाळूच्या टेकड्या. अशा टेकड्या सुमारे नऊशे आहेत.

वाळू आणि चाक

सायकल हे वाहन कठीण जमिनीसाठी जन्मले. समुद्रकिनाऱ्यावर ज्याने सायकल चालवून पाहिली असेल, त्याला मऊ वाळूत काय होते ते सांगायला नको. चाक रुतते, हँडल भलतीकडे वळते आणि दहा पावलांत उतरावे लागते. मग वाळवंटात ती चालते कशी?

उत्तर शाळेच्या भौतिकशास्त्रात आहे. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. समजा, स्वार, सायकल आणि सामान मिळून १२० किलो वजन आहे आणि ते दोन चाकांवर सारखे वाटले आहे. एका चाकावर ६० किलो, म्हणजे सुमारे १३२ पौंड भार आला. सायकलच्या दुकानात आपण टायरमध्ये हवा पौंडांत मोजतो. ते पौंड दर चौरस इंचाचे असतात. टायरमध्ये ४० पौंड हवा असेल, तर १३२ पौंड भार पेलण्यासाठी टायरचा सव्वातीन चौरस इंच भाग जमिनीला टेकावा लागतो. ही जागा काडेपेटीहून थोडीशीच मोठी आहे. हवा १० पौंडांवर आणली, की तोच भार तेरा चौरस इंचांवर पसरतो. पोस्टकार्डाच्या सुमारे दोन-तृतीयांश एवढी ती जागा होते. (टायरच्या कडांचा ताठरपणा येथे हिशेबात धरलेला नाही.) वाळूवर पडणारा दाब असा एक-चतुर्थांश झाला, की चाक रुतण्याऐवजी वरच्यावर तरंगू लागते. उंटाचे पाऊल रुंद आणि मऊ असते ते याच कारणासाठी. निसर्गाने उंटाला जे दिले, ते सायकलला माणसाने उशिरा दिले, एवढेच.

परंतु नेहमीच्या अरुंद टायरमधून एवढी हवा काढता येत नाही. पहिल्याच दगडावर ट्यूब रिमखाली चेंगरून फुटते. म्हणून टायर रुंद हवा आणि त्याला साजेशी रुंद रिमही हवी. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डोंगरवाटांवर चालवायची ‘माउंटन बाइक’ रूढ झाली. तिचे टायर दोन इंचांच्या आसपास रुंद असत. पुढे अलास्कातील बर्फासाठी आणि न्यू मेक्सिकोतील वाळूसाठी काही कारागिरांनी साडेतीन-चार इंच रुंदीचे टायर बसवून पाहिले. २००५ च्या सुमारास अशी सायकल कारखान्यात तयार होऊन बाजारात मिळू लागली.

सामान ओढण्याची एकचाकी गाडी हीदेखील विचारपूर्वक केलेली निवड आहे. गाडीला दोन चाके असती, तर त्या चाकांना सायकलच्या दोन्ही बाजूंनी नव्या चाकोऱ्या पाडत यावे लागले असते. एकच चाक असले की ते सायकलच्या मागच्या चाकाने दाबलेल्या वाळूतूनच येते. शिवाय दोन चाकांवरचा भार तीन चाकांवर वाटला जातो.

याउपरही चढावर फार वेळा उतरून ढकलावे लागते. पहाटे वाळू गार असते व कधी दवाने किंचित ओलीही असते. तेव्हा तिचे कण एकमेकांना धरून राहतात. ऊन चढले की तीच वाळू पिठासारखी सुटी होते. म्हणून शहाणा स्वार उजाडताच निघतो आणि टेकड्यांची रांग होईल तेवढी सकाळीच मागे टाकतो. टेकड्या संपल्या की सपाट भागात दुसरा त्रास सुरू होतो. वेगाने जाणाऱ्या मोटारींमुळे रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या असतात. मोटारीला त्या खडखडाट करीत ओलांडता येतात. सायकलस्वाराला मात्र प्रत्येक वळी मनगटात आणि पाठीत जाणवते. कठीण भागात नरम टायर श्रम वाढवतो, म्हणून पंप हाताशी ठेवून हवा कमी-जास्त करावी लागते. ३३ दिवसांत १,८५० किलोमीटर म्हणजे दिवसाला सरासरी ५६ किलोमीटर. डांबरी सडकेवर हे अंतर तीन-चार तासांचे आहे. येथे सारा दिवस त्यात जातो.

सायकल आणि हे वाळवंट यांची ओळख मात्र बरीच जुनी आहे. सोन्याच्या खाणींच्या काळात पश्चिम ऑस्ट्रेलियात निरोप, टपाल आणि माणसे नेण्यासाठी सायकलींचा मोठा वापर होत असे. सायकलला दाणा-वैरण नको आणि पाणीही नको! उंटांच्या पावलांनी दबून घट्ट झालेल्या अरुंद पायवाटा सायकलला फारच सोयीच्या पडत. १८९६ च्या अखेरीस आर्थर रिचर्डसन हा तरुण तारायंत्राच्या खांबांच्या कडेकडेने कूलगार्डीहून अॅडलेडपर्यंत एकटा सायकलवर गेला. पुढे १८९९-१९०० मध्ये त्याने सायकलवरून संपूर्ण ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली. तेव्हा डोंगरी सायकल नव्हती, रुंद टायर नव्हते. उंटांनी वाट दाबून ठेवली होती, म्हणून त्याचे चाक कित्येक ठिकाणी चालले.

ओझ्याचे गणित

वाळवंटातील प्रवासाचा खरा हिशेब मात्र वजनाचा असतो. रोज पाऊण किलो सुके अन्न धरले, तर ३३ दिवसांचे अन्न सुमारे २५ किलो होते. हे ओझे जड आहे; पण ते ओढता येते आणि दररोज थोडे कमी होत जाते.

पाण्याची गोष्ट वेगळी. या वाटेने लोक जातात ते दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, म्हणजे मे ते ऑगस्टच्या सुमारास. त्या दिवसांत दुपारी हवा सुसह्य असते आणि रात्री कडाक्याची थंडी पडते. उन्हाळ्यात जाणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण. परंतु हिवाळ्यातही दिवसभर श्रम करणाऱ्या माणसाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी सहा ते दहा लिटर पाणी हवे. सात लिटर धरले तरी ३३ दिवसांचे २३१ लिटर होते. एका लिटरचे वजन एक किलो. म्हणजे नुसते पाणीच २३१ किलो! हे ओझे कोणत्याही सायकलवर, कितीही रुंद टायर असले तरी, जाणार नाही. पाण्याला दुसरा पर्याय नाही, त्याला वाळवता येत नाही आणि आटवून पुडीत बांधता येत नाही.

यावर उपाय एकच. दोन-तीन दिवसांचे वीस-एक लिटर पाणी बरोबर घ्यायचे आणि पुढच्या पाणवठ्यावर पुन्हा भरायचे. पोस्त्शिगाचने हेच केले. त्याचे अन्न त्याने स्वतः ओढले. पाणी मात्र वाटेवरच्या विहिरींनी दिले. विहिरींपैकी कित्येक आज ढासळल्या आहेत, काहींचे पाणी खारट वा घाण झाले आहे, तर काही हौशी मंडळींनी पुन्हा बांधून काढल्या आहेत. कोणत्या विहिरीत पिण्याजोगे पाणी आहे ही माहिती तेथे नकाशाइतकीच मोलाची असते.

म्हणजे या एकट्याच्या प्रवासाचा आधार एक्कावन्न विहिरी हा होता. तेव्हा आता साहजिकच पुढचा प्रश्न येतो, की या विहिरी नेमक्या त्याच जागी कशा निघाल्या?

पाणी कुणाचे?

नकाशावर जो भाग कोरा होता, तो निर्जन नव्हता. मार्टू, वॉलमाजारी आणि इतर आदिवासी समाज या भूमीत हजारो वर्षे राहत आले आहेत. कोणता झिरा बारमाही आहे, कोणत्या खळग्यात पावसानंतर किती दिवस पाणी टिकते, वाळू कुठे उकरली की हाताला ओल लागते, हे त्यांना ठाऊक होते. ही माहिती त्यांनी कागदावर लिहिली नव्हती. ती गीतांतून, कथांतून आणि चालण्यातून एका पिढीकडून दुसरीकडे जात असे. कायमच्या पाणवठ्यांना ते ‘जिला’ म्हणतात आणि त्यांना सजीव मानतात. अशा जागी जाताना आपण आल्याची वर्दी त्या पाण्याला द्यायची, असा त्यांचा रिवाज आहे.

कॅनिंगच्या एक्कावन्न विहिरींपैकी सदतीस विहिरी आदिवासींच्या पूर्वापार पाणवठ्यांवर किंवा त्यांच्या अगदी जवळ खणल्या गेल्या. ते पाणवठे कॅनिंगच्या मंडळींना सापडले ते स्थानिकांना पकडून, गळ्यात साखळ्या घालून, वाट दाखवायला लावल्यामुळे. रात्री ते पळून जाऊ नयेत म्हणून साखळ्या झाडांना बांधत. कार्नेगीची तऱ्हा त्याआधी याहून क्रूर होती. पकडलेल्या माणसाला खारवलेले मांस खायला घालायचे, म्हणजे तहानेने व्याकूळ होऊन तो पाण्याकडे नेईल, ही युक्ती त्याने स्वतःच आपल्या पुस्तकात नमूद केली आहे.

पहिल्या मोहिमेवरून परतल्यावर कॅनिंगच्या पथकातील आचारी एडवर्ड ब्लेक याने या वागणुकीविरुद्ध जाहीर तक्रार केली. १९०८ साली चौकशी आयोग बसला. साखळ्या वापरल्याचे कॅनिंगने नाकारले नाही. आयोगाने त्याला दोषमुक्त केले आणि विहिरी बांधण्याचे काम त्याच्याच हाती राहिले. ज्यांना साखळ्या घातल्या गेल्या, त्यांची साक्ष काढावी असे आयोगाला वाटले नाही.

विहिरी झाल्यावर आणखी एक विपरीत गोष्ट घडली. जिथे पूर्वी हाताने वाळू उकरून ओंजळीने पाणी पिता येत असे, तिथे आता खोल बांधीव विहीर, जड रहाट आणि गुरांसाठी लांब डोणी आल्या. तो रहाट ओढणे एकट्यादुकट्याच्या ताकदीबाहेरचे होते. हात सुटला तर दांडा उलटा फिरून माणूस जायबंदी होत असे. ज्यांनी पाणी दाखवले, त्यांनाच ते काढता येईना. कित्येक विहिरींची त्यांनी मोडतोड केली, यात नवल ते काय? १९२९ मध्ये दुरुस्तीस गेलेल्या विल्यम स्नेल याने ही अडचण ओळखली आणि स्थानिकांनाही पाणी काढता येईल अशी सोय विहिरींवर करण्याचा प्रयत्न केला. एका माणसाने तरी विहिरीकडे तहानलेल्याच्या बाजूने पाहिले, असे म्हणावे लागेल.

नावांचीही अशीच कथा आहे. कॅनिंगने विहिरींना क्रमांक दिले. आदिवासींच्या लेखी तेहेतिसावी विहीर म्हणजे कुनावारित्जी आणि चाळिसावी म्हणजे नातावालू. वाटेवर एक मोठे खारे सरोवर लागते. १८९७ मध्ये फ्रँक हॅन हा प्रवासी तेथे गोड्या पाण्याच्या आशेने गेला आणि मीठ पाहून त्याने त्याचे नाव ‘लेक डिसअपॉइंटमेंट’, म्हणजे निराशेचे सरोवर, असे ठेवून दिले. स्थानिकांची त्या सरोवराबद्दल अशी निराशा कधीच नव्हती. ते गोडे नाही हे त्यांना मुळातच ठाऊक होते. २०२० साली त्या सरोवराला कुंपुपिंटिल हे त्यांचे नाव अधिकृतपणे परत मिळाले.

बदल इतरत्रही झाले आहेत. २००२ साली मार्टू लोकांचा त्यांच्या भूमीवरील हक्क न्यायालयाने मान्य केला. २०१० मध्ये कॅनबेरा येथील राष्ट्रीय संग्रहालयात ‘यिवारा कुजू’, म्हणजे ‘एक वाट’, या नावाने मोठे प्रदर्शन भरले. त्यात या वाटेची हकिगत आदिवासी चित्रकारांनी आपल्या चित्रांतून सांगितली. त्या चित्रांत कॅनिंगची सरळ रेघ एका कडेला राहते आणि चित्रभर पसरलेले असतात ते पाणवठे. आज या वाटेने जायचे तर जमिनीच्या हक्कदार संस्थांकडून परवाना घ्यावा लागतो. काही भाग वेळोवेळी प्रवाशांना बंदही असतात. काही हौशी प्रवाशांना ही कटकट वाटते. पण दुसऱ्याच्या आडावर पाणी भरण्यापूर्वी घरधन्याला विचारावे, हा संकेत आपल्या खेड्यांतल्या लहान मुलालाही कळतो.

या साऱ्या इतिहासामुळे त्या सायकलस्वाराच्या पराक्रमाला उणेपणा येतो असे मुळीच नाही. नऊशे टेकड्या त्याच्याच पायांनी ओलांडल्या. २५ किलो अन्न त्यानेच ओढले. रात्रीचा एकांत आणि चाक मोडले तर काय होईल ही चिंता त्याची एकट्याची होती. धैर्य आणि चिकाटी या बाबतींत तो निखालस एकटा होता. पण तहानेच्या बाबतीत तो एकटा नव्हता. त्याच्या बाटलीतल्या पाण्यामागे रहाट बसवणारे मजूर होते, कराचीहून आलेले उंट होते, एका आचाऱ्याची न ऐकली गेलेली तक्रार होती. आणि या सर्वांच्या आधी, गळ्यात साखळी घेऊन पाण्याकडे चालत गेलेली माणसे होती, ज्यांची नावे बहुतेक कुणी लिहून ठेवली नाहीत.

‘अमक्याने एकट्याने अमुक वाट पार केली’ असे आपण वाचतो, तेव्हा किलोमीटर आणि दिवस यांचा हिशेब वर्तमानपत्र देतेच. वाचकाने आणखी एक गोष्ट विचारावी : वाटेत पाणी कुठे मिळाले आणि ते तिथे आहे हे पहिल्यांदा कुणाला ठाऊक होते? प्रवासवर्णन वाचताना हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर नकाशावरची पुष्कळशी कोरी जागा आपल्या डोळ्यांसमोर माणसांनी भरून येईल.